दाढीचा नवस

माझ्या मुलाने दहावी पास व्हावं म्हणून मी जेवढी डोकेफोड केली नसेल, तेवढी त्याने दाढी करावी म्हणून केली. तो पन्नाशीला टेकलेला, मी पंचाहत्तरी ओलांडलेली. तो आखातात, मी मुलुंडात, आणि मधे लढाई.

तो तिथे गॅसच्या प्लांटवर ऑपरेटर आहे. जमिनीतून गॅस येतो, तो साफ करून पुढे पाठवायचा, एवढंच मला त्यातलं कळतं. पण एक गोष्ट नीट कळते, कारण नोकरीला लागला तेव्हाच त्याने मला समोर बसवून समजावली होती. हा कच्चा गॅस नुसता पेटत नाही, त्यात विषही असतं. थोडं सुटलं तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त सुटलं तर वास येतच नाही, कारण आधी नाक मरतं. "म्हणजे आई, वास गेला म्हणून बरं वाटून घ्यायचं नाही. पळायचं." त्यासाठी प्रत्येकाला मास्क असतो, पाठीवर हवेचा सिलिंडर. मास्कच्या कडेचं रबर गालाला गच्च चिकटावं लागतं. मधे केस आले की फट राहिली, आणि फट राहिली की मास्क म्हणजे नुसता मुखवटा.

म्हणून तिथे दाढीला बंदी. गेटवरचा माणूस हनुवटीवरून हात फिरवून बघायचा, खुंट लागले की माघारी. आमच्या घराण्यातले पुरुष श्रावणात दाढी ठेवतात. हा एकटा वर्षानुवर्षं गुळगुळीत. नातेवाइकांत मी सांगायची, "ह्याचा श्रावण कंपनीने खाल्ला."

लढाई सुरू झाली आणि त्याच आठवड्यात माझ्या सुनेने गावच्या देवीला नवस बोलला. हा सुखरूप येऊन देवीच्या पायरीवर डोकं टेकेपर्यंत त्याच्या दाढीला वस्तरा लागणार नाही.

सून पवईला मोठ्या ऑफिसात कामाला आहे. काचेची इमारत, समोर दोन-दोन स्क्रीन, हाताखाली माणसं. तिने नवस बोलावा याचं कुणालाही हसू आलं असतं. मला आलं नाही. माझ्याच कारखान्याचा माल होता तो.

एकाहत्तरच्या लढाईत मी नवी नवरी होते, घाटकोपरला चाळीत. रूपाने बरी, अकलेने यथातथा, आणि वेणी कमरेच्या खाली. खाल्लेलं सगळं अन्न बहुतेक वेणीलाच जात असावं, वर डोक्यात काही पोचत नव्हतं. नवरा वीजकेंद्रात शिफ्टला होता. साऱ्या मुंबईने खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, आणि हा माणूस रोज विजेच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. विमानं आली तर आधी तिथेच येणार, असं मला शेजारणीने सांगितलं होतं. तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. मी तडक नवस बोलले, लढाई संपेपर्यंत माझा नवरा अनवाणी चालेल. माझा नवरा! मी नव्हे. नवसाला पाय दुसऱ्याचे वापरायचे, एवढं त्या बयेला बरोबर कळत होतं.

वीजकेंद्रात अनवाणी. जिथे रबरी बूट म्हणजे माणूस आणि मरण यांच्यामधली एकुलती एक गोष्ट! नवरा मुकाट्याने अनवाणी घराबाहेर पडायचा, मी दारातून कौतुकाने बघत राहायची. परत आला की गरम पाण्याने त्याचे पाय धुवायची, आणि पाय कसे? ना काटा, ना भेग, ना चिखल. देवीची कृपा, म्हणून मी चाळभर सांगत सुटले. बूट वीजकेंद्रावरच्या कपाटात असायचे आणि चपला नाक्यावरच्या पानवाल्याकडे, हे मला लढाई संपून कितीतरी महिन्यांनी कळलं, तेही पानवाल्याच्या तोंडून. ती मुलगी आज समोर आली तर आधी तिच्या कानाखाली वाजवीन आणि मग ती वेणी कापीन.

तर सुनेला मी हसले नाही, आणि अडवलंही नाही. मला वाटलं, गेटवरून माघारी पाठवतील, हा गुपचूप दाढी करेल, नवस आपोआप मोडेल आणि कुणाकडे बोटही जाणार नाही. लढाईत गेटवरचा माणूसही जातो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सेफ्टीचा साहेब तर पहिल्याच विमानाने मायदेशी पोचला होता. त्याच्यामागून ज्यांना जमलं ते गेले. उरलेल्यांना कंपनीने सांगितलं, तुम्ही गरजेची माणसं. आयुष्यभर माझ्या मुलाला कुणी गरजेचा म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते कधी, तर विमानतळ बंद होताना. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसातल्या कपाटात, आणि गरजेचा माणूस दोघांचं काम एकटा करतोय. हनुवटीवरून हात फिरवणारं कुणी राहिलं नव्हतं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. नात टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा करायची. मुलासोबत खोलीत एक ओडिशाचा माणूस होता, याच्याच वयाचा, पोट सुटलेला, सदा हसरा. मागून डोकं खुपसून मला "मौसी" म्हणायचा. दोघांची जोडी होती. भोंगा झाला की बाकी सगळे जमिनीखालच्या खोलीत पळायचे, पण कंट्रोल रूममध्ये दोघांना थांबावंच लागायचं. चालता गॅस टाकून सगळे पळाले तर बॉम्बची गरजच काय, असं माझा मुलगा म्हणायचा. ते दोघं म्हणजे बहुतेक वेळा हेच दोघं.

एका संध्याकाळी मुलगा जांभया देता देता बोलून गेला, "आज मास्कची प्रॅक्टिस केली. जरा फुसफुसतो."

मी खुर्चीत सरळ झाले. "फुसफुसतो म्हणजे?"

"नळी हाताने बंद करून श्वास आत ओढला की मास्क तोंडाला चिकटायला हवा. तो चिकटत नाही. दाढी आहे ना."

"मग काढ की दाढी!"

"नवस आहे, आई."

"नवस तुझ्या बायकोचा रे, गाल तुझा आहे ना?"

तो हसला नाही. "हे बघ, आजूबाजूला सगळीकडे पडलं. पलीकडच्या टाक्या गेल्या, जेट्टी गेली. आमच्यावर नाही पडलं. आता काढली आणि उद्याच पडलं तर?"

मशीनवरचा काटा केसभर हलला तर ज्याची झोप उडते, तो माझा मुलगा हे बोलत होता. मागून ओडिशावाल्याने तोंड पुढे काढलं. त्याच्याही गालावर काळं-पांढरं गवत उगवलं होतं. "मौसी, मैंने भी रख ली! आपकी देवी बहुत पॉवरफुल है."

मी त्याला काय म्हणाले? "अच्छा दिखता है," म्हणाले. माझं लक्ष माझ्या पोराच्या गालावर होतं.

फोन ठेवल्यावर मी सुनेच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती कोलंबी सोलत होती.

"ऐकलंस ना? मास्क बसत नाही म्हणाला. नवस मोकळा कर."

"आई, तुम्ही तरी असं बोलू नका." तिने मान वर केली नाही. "त्याने काढली आणि काही झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

मी तिला माझी अनवाणी नवऱ्याची गोष्ट सांगितली. पानवाल्यासकट. एरवी ती पोट धरून हसली असती. ती म्हणाली, "पण बाबांना काही झालं नाही ना?"

"अगं, बूट घातले म्हणून नाही झालं!"

"की नवस होता म्हणून?"

पन्नास वर्षं मी स्वतःला हसत आले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. शेवटी म्हटलं, "मग देवीलाच विचारू. कौल लावू."

आमच्याकडे अडलं की गावी देवीला कौल लावतात. गुरव पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवी पाकळी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. मी काही एवढी भोळी राहिलेली नाही. सून आंघोळीला गेल्याची संधी साधून मी गुरवाला आधीच फोन लावला. म्हटलं, "भाऊ, जरा उजवीकडची हलकी चिकटव."

"काकी," तो म्हणाला, "कौल लावूचा काम माजा, पाडूचा तिचा. ह्या वयात माका पापात घालू नकात."

रविवारी सकाळी त्याने व्हिडिओ कॉल केला. त्याच्या पुतण्याने फोन धरला होता, पाषाण कधी सरळ दिसायचा, कधी तिरका. सून पदर घेऊन जमिनीवर बसली, मी खुर्चीवर, कारण गुडघे. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी माउली म्हाराजा! आज तुजा लेकरू पाण्यापलीकडे पोटासाठी गेला हा…"

"व्हय म्हाराजा," मागची दोघं-तिघं म्हणाली. आम्हीही म्हटलं. मुलुंडात पाचव्या मजल्यावर.

"तेच्या अस्तुरीन तुका जो नवस बोललेलो हा, तेच्यातसून तेका मोकळीक दी. दाढी काढूची तेका परवानगी दी. तेच्या बदल्यात जा काय मागशीत, ता ही तुजी सून पुरा करीत…"

"व्हय म्हाराजा!"

आणि आम्ही बसून राहिलो. पाकळ्या दोन्ही अंगांना तशाच. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. मी मनातल्या मनात देवीला माझे केस देऊ केले. त्या वेणीचं आता उंदराचं शेपूट झालंय, पण भाव करताना माल उंचच सांगायचा असतो. पाकळी हलली नाही. डावी पडली असती तर मी भांडले असते. देवीशी भांडायची मला सवय आहे. पण ती काहीच बोलत नव्हती.

"काकी," गुरव शेवटी म्हणाला, "देवी आज बोलणा नाय. उद्या परत लावया."

उद्या! तिकडे भोंगा उद्यासाठी थांबणार होता का?

दुपारी मुलाचा फोन आला. ड्युटीवर जायच्या आधी दोनच मिनिटं होती. "काय झालं कौलाचं?"

सून फोन हातात धरून उभी होती. मी फोन घेतला. "उजवा दिला," म्हटलं. "खणखणीत. काढ दाढी."

"नक्की, आई?"

"हिला विचार."

हे मी का म्हणाले मला ठाऊक नाही. जीभच माझी आगाऊ. सून माझ्याकडे बघत राहिली. माझी सून खोटं बोलत नाही, हा तिचा मला नेहमी झालेला त्रास आहे. ती म्हणाली, "हो. उजवा." आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसली.

दुसऱ्या संध्याकाळी तो गुळगुळीत दिसला. दाढीखालची कातडी पांढरी पडली होती, कुणीतरी खोडरबराने पुसल्यासारखी. "आता मास्क बसतो," म्हणाला. "चिकटतो अगदी." मी त्याला गाल फोनजवळ आणायला लावला आणि कडाकडा बोटं मोडली. ओडिशावाला मागून ओरडला, "मौसी, इसको परमिशन मिला, मेरे लिए भी पूछो ना!"

"पूछती हूं," मी म्हटलं. थट्टाच वाटली मला. आणि कुठे पुन्हा त्या गुरवाला त्रास द्यायचा.

चार-पाच दिवसांनी पडलं. प्लांटवर नाही, बाजूच्या पाइपांवर. पण गॅस सुटला आणि वारा कंट्रोल रूमच्या दिशेचा होता. दोघांनी मास्क चढवले. जाताना बंद करायचं ते बंद केलं, उघडायचं ते उघडलं. माझा मुलगा म्हणतो, मला तर वासच आला नाही. मास्क बसला होता त्याचा. ओडिशावाल्याला आधी आला, मग येईनासा झाला. तो बोलला म्हणे, "अभी स्मेल नहीं है, ठीक है." माझ्या मुलाने त्याला दंडाला धरून ओढलं. दारापर्यंत तो चालत आला. दारानंतर याने त्याला फरफटत नेला. पण तोवर फार झालं होतं.

तो गेला. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं, कारण दोन दिवस फोनच लागत नव्हता. त्या दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर सिलिंडरची बोंब चालू होती. बुकिंग होत नाही, कुणाकडे जादाचा आहे का, इंडक्शनवर भाकऱ्या होतात का. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची भेटली. चांगली बाई आहे, सणाला आठवणीने करंज्या पाठवते. म्हणाली, "काकू, तुमचा मुलगा तिकडेच असतो ना? विचारा ना जरा, गॅस कधीपासून रेग्युलर येईल?"

मी म्हटलं, "विचारते." दुसरं काय म्हणणार? मलाही भाकऱ्या करायच्या होत्याच. शेगडी पेटवताना मला कधीतरी आठवलं होतं का, की हा जाळ कुणीतरी नाकावर मास्क दाबून पाठवलाय? पोटचा पोर तिकडे असून नव्हतं आठवलं.

फोन लागला तेव्हा मुलाचा चेहरा ओळखू येईना. डोळे लाल, आवाज बसलेला. गालांवर मास्कच्या रबराचे वळ. मला ते वळ बघून बरं वाटलं, खरं सांगते. मग त्याने ओडिशावाल्याचं सांगितलं, आणि पुढे म्हणाला, "आई, मी दाढी काढली म्हणून झालं हे."

"काय बोलतोस!"

"होती तोपर्यंत काही झालं नाही. काढली आणि चार दिवसांत झालं. देवीने मला सोडलं, त्याला घेतलं."

"अरे, त्याने दाढी ठेवली होती म्हणून गेला तो! तुझी नव्हती म्हणून तू…"

"मला माहीत आहे मास्क कसा असतो," तो म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसा. "तरी."

कौल पडलाच नव्हता, देवी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही, हे सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं तर काय? तो म्हणाला असता, बघ, परवानगी नसताना काढली. खोटं तसंच ठेवलं तर देवीने परवानगी देऊन सूड घेतला. मी जन्मभर थापा मारल्या, प्रत्येक थापेला मागचं दार ठेवून. या थापेला कुठूनच बाहेर पडायला वाट नव्हती.

"मी परत ठेवतोय," तो म्हणाला.

तेव्हा सुनेने फोन माझ्या हातातून घेतला. तिचा आवाज ऑफिसात लागतो तसा लागला होता. "ऐक. नवस मी बोलले, मीच मोडला. जे व्हायचं ते माझ्यावर होईल, तुझ्यावर नाही. तुझा यात काही संबंध नाही, कळलं? रोज दाढी करायची आणि रोज मला गाल दाखवायचा."

पलीकडे भोंगा सुरू झाला आणि फोन बंद पडला.

त्यानंतर सगळं आहे तसंच आहे. विमानतळ बंद. ओडिशावाल्याच्या जागी माणूस आला नाही. जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून भोंगा झाला की आता माझा मुलगा जवळजवळ प्रत्येक वेळी थांबतो, सोबत जो मिळेल तो. हवेचे सिलिंडर भरून यायला वेळ लागतो, म्हणाला. मी कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात फोन केला, तिथली मुलगी फार गोड बोलली. सूनही ईमेल पाठवते. तिला उत्तरं येतात, सुरक्षेला आमचं सर्वोच्च प्राधान्य आहे. वाक्य मराठीत वाचलं तरी त्याच्यात मास्क कुठे सापडत नाही.

आणि गेले काही दिवस त्याचा कॅमेरा चालत नाही. कॅमेरा बिघडलाय, म्हणतो. नुसता आवाज येतो.

काल सून म्हणाली, "फोन गालावर घास. मला ऐकू दे."

"वेडी झालीस का?"

"घास."

आम्ही दोघींनी एकाच फोनला कान लावला, तिचं कानशील माझ्या कानशिलाला टेकलेलं. पलीकडून खरखर आली. थांबली. परत आली. लाइन खराब असली तरी अशीच येते.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

सून म्हणाली, "परत एकदा."